काजळीखालचा आकडा

प्रिय दिपमाला,

आज दुपारी साडेबाराच्या सुमाराला मी तुझ्या भट्टीतल्या कॉइलची मान, म्हणजे वायर जोडतात ते टोक, पॉलिश पेपरने घासली आणि काजळीखालून एक आकडा वर आला. ४१५. एवढंच. पण माझ्यापुरतं सांगायचं तर त्या आकड्याच्या आधीचा योगराज वेगळा आणि नंतरचा वेगळा. आधीचा तुला माहीत आहे. पाच वेळा तो भट्टीपायी आला आणि दर वेळी तावातावाने कुणाला तरी दोष देऊन गेला. नंतरचा इथे मैद्याच्या पोत्यावर बसून, तुझ्या ऑर्डरच्या वहीची मागची पानं वापरून हे लिहितो आहे. समोर भट्टी चालू आहे. हो, चालू आहे. काटा नव्वदवर आला आहे आणि मी दर दोन ओळींनी मान वर करून बघतो आहे.

मी इथे कसा, ते आधी सांगतो. काल तुझ्या वडिलांचा फोन आला. हिलाल आबांना फोनवर लांबण लावायला आवडत नाही. म्हणाले, "परवा सकाळी धुळ्याहून पितांबर नानांचा टेम्पो येणार. भट्टी त्यांची त्यांना परत चालली. तू जोडली होती, तूच सोडव." बस, ठेवला. म्हणून आज असोद्याहून पहाटेची गाडी धरली, जळगाव, धुळे, साक्री, आणि तिथून तुमच्या गावची जीप. आलो तर तू नाहीस. ताईबाई मावशी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता किल्ली पुढे केली आणि म्हणाल्या, "ती गयी डबा वापस कराले. तू तुनं काम कर." मावशींनी, तुझ्या आईने, मला चहा विचारला नाही असं आज पहिल्यांदा झालं. तू मुद्दाम मी यायच्या आत निघालीस हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, आणि मी तर तो झालोही नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचलला असतास तरी त्या डोंगराकडच्या खेड्यांत रेंज कुठे आहे. शिवाय गेल्या आठवड्यात धुळ्याहून परत येताना तू गाडीत बोललीस ते मी विसरलो नाही. "योगराज, तू तोंड उघडलंस की मला धडकी भरते. आता काही सांगायचं असेल तर लिहून सांग. लिहिताना माणूस थोडा तरी थांबतो." थांबतो खरा. एवढ्याशा मजकुरात मी दोनदा थांबलो. एकदा राग आला म्हणून, एकदा काटा बघायला.

आमच्या मळ्यातली भरीत पार्टी आठवते तुला? मी दुसऱ्या वर्षाला होतो, तू फूड टेक्नॉलॉजीच्या पहिल्या. तुमच्या हॉस्टेलच्या सहा मुली आणि आमची टोळी. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, माझी आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटत होती, आणि सगळे बोटं चाटत असताना धुळे जिल्ह्यातून आलेली एक मुलगी म्हणाली, "वांगं चांगलं शे, पण तेल जास्त झालं." असोद्यात बसून असोद्याच्या भरताला नाव! मी असा भडकलो की माझ्या हातातली पत्रावळ खाली पडली. तू हसत सुटलीस. आई मात्र तुझ्या बाजूची निघाली. म्हणाली, "माह्या पोराच्या डोक्याकडे लक्ष देऊ नको बाई, ते जाळाशिवायच भाजलं जातं." त्या दिवशी वांग्यांची सालं काढता काढता तू मला सांगितलंस की शिकून झालं की गावी जायचं आणि स्वतःची भट्टी टाकायची. पुण्याला जायचं नाही, कुणाच्या बेकरीत कामाला लागायचं नाही. तुमच्याकडे दिवाळीआधी बायका घरचं तूप, साखर, रवा, मैदा डब्यात भरून साक्रीच्या बेकरीवर नेतात, दिवसभर नंबर लावून बसतात आणि आपल्याच डब्यात आपलीच बिस्किटं भरून घरी आणतात. "ती भट्टी गावातच असली तर बायांचा दिवस वाचेल की नाही?" असं तू विचारलंस. मला बिस्किटांतलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "वाचेल." त्या दिवसापासून तू काहीही विचारलंस तरी माझं उत्तर तयार असायचं.

काटा एकशे दहा.

कॉलेजचं आपण कधी बोललो नाही. आज बोलतो, कारण त्याचाही या भट्टीशी संबंध आहे. तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत सरांनी मोटारीचं एक गणित विचारलं. मोटार मी डोळे मिटून उघडली असती, गणित येत नव्हतं. सर म्हणाले, "तुला हात आहेत रे, पण हातानेच पास होता आलं असतं तर सगळे मिस्तरी इंजिनिअर झाले असते." बाहेरचे परीक्षक हसले. मी फाईल टेबलावरून भिरकावली आणि जो निघालो तो थेट शालिग्राम भाऊंच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन बसलो. तू दोन दिवसांनी दुकानात आलीस आणि सगळ्यांसमोर एवढंच बोललीस, "राग उतरला की जा परत." राग उतरला होता, खरं सांगतो, त्याच संध्याकाळी उतरला होता. पण उतरलेला राग घेऊन परत जायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग पुढे तुझं शिक्षण पुरं झालं, तू गावी गेलीस, आणि मी चार महिने तुझा मेसेजसुद्धा उघडला नाही. उघडला तर उत्तर द्यावं लागेल.

आणि मग श्रावणात तुझा फोन. "तुला मोटारी जमतात. भट्टी जमेल का?" काय सांगू, शालिग्राम भाऊंनी माझा चेहरा बघून विचारलं, "काय रे भो, लॉटरी लागली का?" तुम्ही पितांबर नानांची जुनी इलेक्ट्रिकची भट्टी घेतली होती. नानांनी गुडघ्यांपायी बेकरी बंद केली, तीस वर्षं जिने धुळ्यात टोस्ट भाजले ती भट्टी तुला दिली. तुमच्या बंद पडलेल्या गिरणीच्या खोलीत थ्री फेज आधीपासून होतंच. आणताना वायरी सोडवल्या होत्या, त्या मी जोडल्या. आत तीन कॉइली, प्रत्येकीला दोन टोकं. हात असा चालला की तू बाजूला उभी राहून म्हणालीस, "बघतसुद्धा नाहीस रे तू!" मला त्या बोलण्याचा किती अभिमान वाटला. मावशींनी भट्टीला हळदकुंकू लावलं, आबांनी नारळ फोडला, मी बटन दाबलं. काटा चढला, एकशे वीसपर्यंत आला आणि बसला. दोन तास झाले, हलेना. बिस्किटाला एकशे ऐंशी लागतात. मी ठणकावून सांगितलं की खोली बंद होती, भिंती ओल्या आहेत, दोन दिवसांत सुटेल.

सुटलं नाही. मग दुसऱ्या खेपेला मी थर्मोस्टॅट बदलला आणि म्हटलं, जुन्या कंपनीचा माल भिकार. तिसऱ्या खेपेला दाराची काचधाग्याची दोरी बदलली आणि म्हटलं, धुळेवाल्यांनी भट्टी वापरली, निगा राखली नाही. दोरी बसवल्यावर दाराच्या फटीत कागद धरला तर ओढून निघेना, इतकं दार पक्कं झालं. काटा एकशे वीस. चौथ्या खेपेला मी तुमच्या पुना वायरमनला घरून बोलावून आणलं आणि अख्ख्या गल्लीसमोर सुनावलं की तुझी लाईन मरतुकडी आहे म्हणून भट्टी तापत नाही. पुना भाऊ जेवणावरून उठून आला होता. त्याने माझ्याच मीटरने तिन्ही फेज मोजून दाखवले आणि म्हणाला, "भाऊ, मन्ही लाईनले नाव ठेवू नको. तीनी फेज बराबर शेतस." आम्ही दोघांनी मिळून एकेका कॉइलवर मीटर लावला. दोनशे अडतीस, दोनशे एकोणचाळीस, दोनशे चाळीस. मी म्हटलं, ठीक आहे, कॉइलला वीज पुरती मिळते. पुना भाऊनेही मान डोलावली. पंख्याला, टीव्हीला जेवढी लागते तेवढी दिसली की आपलं सगळ्यांचं समाधान होतं. त्याचं सोड, तो पंप आणि दिवे बघणारा माणूस. मी तीन वर्षं इलेक्ट्रिकलला होतो. ओट्यावरून मावशी म्हणाल्या, "भट्टी नई तपत, मिस्तरी तपस." गल्ली हसली. मी तणतणत जीपमध्ये बसलो. आणि गंमत ऐक, साक्री ओलांडेपर्यंत मी शीळ घालत होतो. का, ते शेवटी लिहीन. लिहिता आलं तर.

आता तुझ्या डब्यांचं. ते मी पाहिलं नाही, पण मावशींनी फोनवर असं सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे. दिवाळीला अजून तीन आठवडे होते, गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या चौदा बायकांनी तुझ्यावर विश्वास टाकून डबे आणले. झाकणावर खडूने नावं. घरच्या म्हशीचं तूप, कुणी खास रवा दळून आणलेला. तू पहाटेपासून भट्टी लावून ठेवलीस, म्हटलं काटा नाही चढला तर जास्त वेळ ठेवू. जास्त वेळ ठेवल्याने ती भाजली नाहीत, पसरली. तूप आधी वितळलं, रवा मागाहून शिजला, सगळी एकमेकांना चिकटून पांढरीफटक चादर झाली. रूपा मावशींनी एक तुकडा उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "व माय, हाई बिस्कीट शे का बिबडं?" ज्वारीच्या पापडाची उपमा! त्या वाईट बाई नाहीत, तोंडाने फटकळ, एवढंच. पण "बठ्ठं गाव हासी राहिनं" हे सांगताना मावशींचा आवाज बदलला तो मला कळला. तू म्हणे हसलीस सगळ्यांबरोबर. मग चौदाही डब्यांत घरातलं तूप मोजून परत भरलंस, भट्टी तापली की पुन्हा भाजून देते म्हणालीस, आणि रात्री जेवली नाहीस.

ते ऐकून माझं डोकं गेलं. म्हणजे नेहमीसारखंच. दुसऱ्या दिवशी तुला आणि आबांना गाडीत घालून मी पितांबर नानांच्या दारात नेलं. नाना ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, तुम्ही चांगल्या कॉइली काढून घेतल्या आणि मरतुकड्या घालून दिल्या. शेजारची माणसं दारात आली. नाना शांतपणे म्हणाले, "माझ्याकडं चाळीस मिनटांत तापायची बाबा." मी आवाज वाढवला. त्यांनी विचारलं, "बरं, तू ती जोडली कशी, तेवढं सांग." दिपमाला, एवढं एकच वाक्य. सगळं उत्तर त्यात होतं. एवढं ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसलो असतो तर आज तू डबे परत करत हिंडत नसतीस. पण मला वाटलं, हा म्हातारा माझी परीक्षा घेतो आहे. मी म्हटलं, "मला जोडणी शिकवतो का रे, चोरा?" आबांनी टोपी काढून हातात घेतली. तू माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होतीस. नाना आत गेले, आबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि म्हणाले, "हिलाल भाऊ, मी टेम्पो पाठवतो. भट्टी परत येऊ द्या. या वयात माझ्या दारात हा शब्द नको."

काटा एकशे तीस. दिपमाला, एकशे तीस! आजवर तो इथे कधी आला नव्हता. मी उठून काचेवर टिचकी मारून पाहिली, म्हटलं अडकला तर नाही. नाही, हळूहळू पण सरकतो आहे. मावशींना हाक मारावीशी वाटली, पण अजून नको.

तर आज. मेन बंद केला, मागचं झाकण काढलं, जोडणी सोडवायला बसलो. तिसऱ्या कॉइलचा नट जळून बसला होता, तो फिरेना, म्हणून मानेपाशी पॉलिश पेपर मारला. आणि आकडा दिसला. दुसरीची मान घासली, तिथेही ४१५. पहिलीवरही. मी तसाच फरशीवर बसलो. तुला समजेल असं सांगतो. घरातला दिवा, मिक्सर हे सगळं दोनशे चाळीस व्होल्टवर चालतं. थ्री फेजमध्ये मात्र कुठल्याही दोन फेजांच्या मध्ये मोजलंस तर चारशे पंधरा भरतात. नानांच्या भट्टीच्या कॉइली चारशे पंधरावर चालायला केलेल्या आहेत. म्हणजे प्रत्येक कॉइल दोन फेजांच्या मध्ये बसायला हवी होती. मी काय केलं? तिघींचं एकेक टोक एकेका फेजला दिलं आणि उरलेली तीन टोकं एकत्र पिळून गाठ मारली. शालिग्राम भाऊंच्या दुकानात केळीच्या मळ्यांतल्या बोअरच्या मोटारी येतात, दिवसाला चार-पाच. त्यांची शेवटची गाठ अशीच असते. दोन वर्षं रोज तीच गाठ मारली, हाताला दुसरी माहीतच नाही. मोटारवाल्याचा हात भट्टीत घातला मी. त्या गाठीमुळे प्रत्येक कॉइलला चारशे पंधराऐवजी दोनशे चाळीसच मिळत होते, आणि तेच दोनशे चाळीस मीटरवर बघून मी खूश होत होतो. ओल्या भिंती नव्हत्या. थर्मोस्टॅट चांगला होता, दोरी चांगली होती, पुना भाऊची लाईन चांगली होती आणि नाना तर सोन्यासारखा माणूस. भट्टीत एकच गोष्ट बिघडलेली होती, ती म्हणजे तू "बघतसुद्धा नाहीस" म्हणालीस ती माझी जोडणी.

मला वाटलं होतं की असं काही कळलं तर मला स्वतःचाच राग येईल आणि मी काहीतरी फेकेन. पक्कड हातात होतीही. पण राग आला नाही. फार विचित्र वाटलं. आधी हसू आलं, मग मी गाठ सोडली, वायरी नव्याने लावल्या आणि या वेळी प्रत्येक नट आवळताना बघितलं. एकदा नाही, तीनदा. मग तुझ्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून बसलो, कारण मला वाटत होतं की वीज निम्म्याच्या आसपास आली तर उष्णताही निम्मीच व्हायला हवी, आणि निम्म्या उष्णतेवर भट्टी कशीबशी तरी चालली असती. गणिताने सांगितलं, निम्मी नाही, तिसरा हिस्सा. तुझी भट्टी एवढे दिवस तिसऱ्या हिश्शावर राबत होती बिचारी. हे मला हाताने कधीच कळलं नसतं. सरांचं म्हणणं मला अजूनही अपमानाचंच वाटतं, आणि ते परीक्षकांसमोर बोलायला नको होते. पण ते चुकीचं नव्हतं. तिसऱ्या वर्षाला परत नाव घालता येतं का, ते विचारायला मी दिवाळीनंतर कॉलेजात जाणार आहे. आईला अजून सांगितलं नाही. आधी तुला सांगतो आहे.

एकशे ऐंशी! लिहिता लिहिता झाले. बेचाळीस मिनिटं. नाना चाळीस म्हणाले होते, दोन मिनिटं माझ्याकडून घ्या म्हणावं. मावशींना हाक मारली. त्या दारातच थांबल्या, गरम वाफ तोंडावर आली तशा दोन पावलं मागे सरल्या. "काय कयं रे तू हिले?" म्हणाल्या. मी म्हटलं, आधी पीठ मळा, मग सांगतो. त्यांनी घरातलंच तूप आणलं, रवा, मैदा, पिठीसाखर, वेलची कुटली, आणि मळता मळता मला एकदाही टोमणा मारला नाही, याची मला भीतीच वाटली. पंधरा बिस्किटं एका ट्रेमध्ये. मी काचेतून बघत बसलो. आधी जरा फुगली, मग वरून बारीक तडा गेला, मग कडेला तांबूस रंग चढायला लागला. एकही दुसऱ्याला चिकटलं नाही. वीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढला तेव्हा वासाने शेजारच्या रूपा मावशी आपणहून दारात आल्या. मी एक त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी फुंकर मारली, मोडलं, खाल्लं, आणि ताईबाई मावशींना म्हणाल्या, "आते शे हाई बिस्कीट. मना डबा वापस करू नको सांगजो तुन्ही आंडेरले." म्हणजे मावशींच्या लेकीचा, तुझा, एक डबा तर आत्ताच परत आला. मग मी दोघींना जोडणीचं सांगितलं. सगळं. रूपा मावशी पोट धरून हसल्या. ताईबाई मावशी हसल्या नाहीत. त्यांनी आत जाऊन चहा आणला.

आता हे पत्र कशासाठी, ते. भट्टी तापली हे सांगायला मावशी पुरेशा होत्या. पण बोललेलं गावात फिरतं तेव्हा त्याचं काहीतरी वेगळंच होतं. कुणी म्हणेल कॉइल बदलली, कुणी म्हणेल नानांनी गुपचूप दुरुस्त करून दिली. म्हणून माझ्या अक्षरात, माझ्या सहीने लिहून ठेवतो आहे की दोष माझ्या जोडणीचा होता, तुझ्या हाताचा नाही, पितांबर नानांच्या भट्टीचा नाही आणि पुना भाऊच्या लाईनचाही नाही. भट्टीचं जिथे जिथे आहे तिथे मी समासात पेनाने उभी रेघ ओढली आहे. तेवढं चौदा जणींना बसवून वाचून दाखव, हसायचं तर आता माझ्यावर हसू देत. रेघ नाही तिथलं तुझ्यापुरतं. आणि रेघ नाही अशातलं शेवटचं हे, की चौथ्या खेपेला मी शीळ का घालत होतो. भट्टी तापली नाही की मला पुन्हा यायला मिळायचं. दर वेळी मी काहीतरी बदलायचो, कुणावर तरी ओरडायचो, आणि जीपमध्ये बसल्यावर मनात म्हणायचो, चला, अजून एक खेप आहे. कॉइलची मान घासायला दोन मिनिटं लागतात, दिपमाला. मी ती पाच खेपांत घासली नाही, याला नुसता आंधळेपणा म्हणायची माझी हिंमत नाही. आता भट्टी ठीक आहे, तेव्हा तुझ्याकडे यायला माझ्यापाशी काही बिघाड उरलेला नाही. तरीही यायचं आहे. बोलावशील का, याचं उत्तर घाईने देऊ नकोस, आणि देशील ते माझ्यासारखं रागात देऊ नकोस. मी इथे तुझी वाट बघत थांबलो असतो, पण चारच्या जीपने साक्री आणि तिथून धुळ्याची गाडी पकडायची आहे. टेम्पो निघायच्या आत नानांच्या ओसरीवर पोचायचं आहे, चप्पल बाहेर काढायची आहे आणि त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात द्यायचं आहे. ते काय म्हणतील ते म्हणोत, मी तोंड उघडणार नाही. मावशींनी नानांसाठी चार बिस्किटं कागदात बांधून दिली आहेत, उरलेली ट्रेमध्ये आहेत, वर फडकं टाकलं आहे. मेन बंद केला, पुन्हा एकदा बघितला. ही वही ट्रेजवळ उघडी ठेवतो. तुमच्या शेळीचं डोकं केव्हाचं आत डोकावतं आहे, तिला बाहेर काढतो, मागोमाग मीही निघतो आणि दार लावून घेतो.

अजून तरी तुझाच,
योगराज